जुन्या संगणकावर नवी सिस्टिम अडखळते, ते वयामुळे की आपण नीट तपासत नाही म्हणून?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या काही जणांची चर्चा)

पेचकस

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी जुनं मशीन घेऊन येतं आणि विचारतं, "विंडोज ११ टाकलं, आता नुसतं उघडायलाच पाच मिनिटं लागतात. टाकून देऊ का?"

माझं मत आधीच सांगतो. दहा-बारा वर्षं जुन्या संगणकावर नवी सिस्टिम अडखळली की आपण वयावर खापर फोडून मोकळे होतो. बहुतेकदा सगळं मशीन थकलेलं नसतं, एखादाच भाग अडलेला असतो. तो न शोधता मशीन बाद ठरवणं हा आळस आहे. चालतं यंत्र असं कचऱ्यात जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

परवाचंच सांगतो. चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि मूळची फिरती हार्ड डिस्क. प्रोसेसर संपला अशी मालकाची खात्री. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १५ टक्क्यांवर निवांत, डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या जागांवरची वाचनं सेकंदाला शंभरेकच जमतात, एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवरची डिस्क, तीच हजारोंनी करते. नवी सिस्टिम मागच्या मागे सतत बारीकसारीक वाचत-लिहीत राहते, म्हणून आधी दम लागतो तो डिस्कला. शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) सी५ आकडा शून्याच्या वर गेलेला, म्हणजे डिस्कवरचे काही सेक्टर, छोटे तुकडे, वाचताच येत नव्हते. ती डिस्क जुन्या सिस्टिमवरही मरणारच होती. डेटा काढून घेतला, एसएसडी बसवली, मशीन आज रोज वापरात आहे.

दुसरा नेहमीचा चोर म्हणजे मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध ठरवतो, अपडेट अडतात, आणि माणूस म्हणतो, "नव्या सिस्टिमला हे मशीन झेपत नाही." आधी कोपऱ्यातली तारीख बघा हो!

आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: शटडाउन करून चालू केलं की वायफाय गायब किंवा स्क्रीन काळी, पण रीस्टार्ट केलं की सगळं ठीक, असं होत असेल तर संशय फास्ट स्टार्टअपवर घ्या. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही. गाभा डिस्कवर साठवून झोपतं आणि उठताना जुन्या ड्रायव्हरला हाताला धरून उठवायला बघतं. तो उठत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये ती खूण काढली की बऱ्याचदा प्रश्नच मिटतो.

सबुरी

निदानाबद्दल तुमचं एक अक्षरही मी नाकारत नाही. पण मशीन चालेल का हा एक प्रश्न, आणि त्यावर विसंबावं का हा दुसरा. तुम्ही दुसऱ्याला हातच लावलेला नाही.

चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरच्या यादीत नाही. इंटेलची यादी थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते, शिवाय टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) हवं. म्हणजे तिथे रुफस या इन्स्टॉल-पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमने किंवा रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधल्या) नोंदीने अट चुकवलेली आहे. अशा मशीनवर महिन्याच्या सुरक्षा सुधारणा येत असतील, पण त्या येतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्टने दिलेली नाही. वर्षाची मोठी आवृत्ती तर आपसूक येतच नाही, हाताने टाकावी लागते. घरगुती आवृत्तीला पाठिंबा २४ महिन्यांचा. दोन वर्षांनी ती पुन्हा टाकायला कोण येणार? तुम्ही?

माझ्या काकांच्या मशीनवर असंच एकाने अकरा टाकून दिलं होतं. कोअर २ ड्युओ हा इंटेलचा फार जुना प्रोसेसर होता. छान चालायचं. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली. तिला पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या प्रोसेसरच्या अंगभूत सूचना लागतात आणि कोअर २ मध्ये पॉपकाउंट नाहीच. त्यावर २४एच२ बूटच होत नाही, आणि इथे कुठलाही पेचकस उपयोगाचा नाही. आधीच्या आवृत्तीचा काळ संपल्यावर काका उघड्यावर. त्यांना हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. माझा राग त्या न सांगण्यावर आहे.

पेचकस

काकांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. कोअर २ वर अकरा टाकणं मीही चूकच म्हणेन.

पण यादीबाहेरचं प्रत्येक मशीन असुरक्षित, हे मान्य नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा सायबर हल्ला आठवा. त्यावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती. फटका बसला त्यातली बहुतांश मशीनं विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ चा सुरक्षा पाठिंबा तेव्हा चालू होता. दुरुस्ती हाताशी होती, टाकली नव्हती. मशीनच्या वयापेक्षा सुधारणा वेळेवर टाकण्याची सवय मोठी.

दुसरं, "पात्र नाही" असा संदेश आला की लोक तिथेच थांबतात. आठव्या-नवव्या पिढीच्या कितीतरी मशीनवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम, म्हणून माणसाला टीपीएम शोधून सापडत नाही. कधी डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते. कुणीतरी बायोस यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर नेतो, मशीन बूट होत नाही आणि घबराट उडते. आधी बॅकअप, मग डिस्क नव्या विभागणीत नेणारी विंडोजमधलीच एमबीआर२जीपीटी आज्ञा चालवायची, त्यानंतर बायोस बदलायचं. क्रम चुकला तर घात, बरोबर असेल तर अर्ध्या तासाचं काम.

सबुरी

सवय मोठी, मान्य. पण सवय लावणारी माणसं थोडी असतात, म्हणून तर अटी घालाव्या लागतात. आणि वयाचाही संबंध आहेच. सिस्टिमच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणाऱ्या मेमरी इंटिग्रिटी नावाच्या संरक्षणाचं उदाहरण घ्या. ते हलकं चालावं म्हणून लागणारी सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच आहे. त्याआधीच्यांवर ती सॉफ्टवेअरने भागवावी लागते आणि मशीन मंदावतं. मग माणूस काय करतो? संरक्षणच बंद करतो.

टर्मिनल

तुम्ही दोघं विंडोजच्याच अंगणात भांडताय. पंधरा वर्षं जुन्या ६४ बिट मशीनवर लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅममध्ये सुखाने चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुधारणा आहेत. टीपीएमची अट नाही, यादी नाही.

त्रास मात्र लपवणार नाही. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर पहिल्या दिवशी इंटरनेट केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने घ्यावं लागतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून तिचा ड्रायव्हर टाकायचा. जुनं एनव्हिडिया कार्ड असेल आणि बूट होताना स्क्रीन काळी राहिली, तर ग्रबच्या (सुरुवातीला सिस्टिम निवडायच्या) यादीत 'ई' दाबून 'linux' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहायचं आणि एफ१० दाबायचं. तेवढ्या एका वेळेपुरतं ते लागू होतं, घाबरू नका. आणि प्रोसेसर निव्वळ ३२ बिट असेल तर आता तिथेही दारं मिटत आली आहेत. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर देणं थांबवलं.

हिशेबवही

एका वापरणाऱ्या बाईचं म्हणणंही ऐका. मला यंत्र दुरुस्त करायचा छंद नाही, मला काम करायचं आहे.

माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. स्कॅनरचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातला. एका उत्साही नातेवाइकाने मला न विचारता लिनक्स टाकून दिलं, दुसऱ्याने ते काढून अकरा टाकलं. दोन्ही वेळा मशीन वेगवान झालं आणि दोन्ही वेळा माझं काम दोन दिवस अडलं. टर्मिनल, तुमची नोमोडसेटची ओळ मी लिहू शकेन, पण महिनाअखेरीला ते करायची माझ्यावर वेळ का यावी?

शेवटी मी विंडोज १० वरच राहिले आणि वाढीव सुरक्षा सुधारणांसाठी नोंदणी केली. घरगुती वापरासाठी त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार आहेत. तोवर नवं मशीन घेऊन, सगळं हलवून, तपासून होईल. पेचकस म्हणतात तसं माझं जुनं मशीन वाचेलही, पण वाचवण्यात गेलेला वेळ कुणाच्या खात्यावर मांडायचा ते आधी ठरवा.

पेचकस

ताई, न विचारता सिस्टिम बदलणं हा गुन्हाच. स्कॅनरबद्दल एक करून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यात बनवणाऱ्याचा आणि यंत्राचा क्रमांक असतो. यूएसबी यंत्राला व्हीआयडी (VID) आणि पीआयडी (PID), बोर्डवरच्या चिपला व्हेन (VEN) आणि डेव्ह (DEV). उदाहरणार्थ व्हेननंतर ८०८६ दिसलं की ती चिप इंटेलची. नावाने शोधलं की भलतीसलती ड्रायव्हर-पॅकवाली दुकानं पुढे येतात आणि तिथून मशीनमध्ये नको ते शिरतं. क्रमांक घेऊन बनवणाऱ्याच्याच साइटवर जा. नाहीच मिळालं तर व्ह्यूस्कॅनसारखा प्रोग्रॅम बघा, तो स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतो आणि बरेच सोडून दिलेले स्कॅनर चालवतो.

वेळेचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझा वेळ मी आनंदाने देतो, म्हणून मला तो दिसत नाही.

नवखा

मध्येच विचारतो. सहाव्या पिढीचा आय३, जुनाच डेस्कटॉप. गेल्या आठवड्यात एसएसडी बसवून अकरा टाकलं. वेग छान आहे, पण दिवसातून सात-आठ वेळा सगळं वीस-तीस सेकंद गोठतं, मग आपोआप सुरळीत. ज्यांनी बसवून दिलं ते म्हणतात, प्रोसेसरला झेपत नाही, मशीन बदला.

सबुरी

सहावी पिढी यादीबाहेरच आहे. मला विचाराल तर बदलायची तयारी ठेवाच. पण वीस-तीस सेकंदांची गोठण आणि मग सुरळीत, हे प्रोसेसरचं लक्षण वाटत नाही. कमकुवत प्रोसेसर सतत रांगतो, असा मध्येच थिजत नाही.

पेचकस

अगदी! स्मार्टमध्ये सी७ चा आकडा सांगा. डिस्क आणि बोर्ड यांच्यात डेटा जाताना झालेल्या चुका त्यात मोजल्या जातात. सी५ वाढला तर डिस्कवर संशय, सी७ वाढला तर केबलवर. एसएसडी बसवताना जुनीच साटा (डिस्क बोर्डला जोडणारी) केबल वापरली होती का? आकडा मोठा असेल पण वाढत नसेल तर तो आधीचा असू शकतो, म्हणून आज एकदा लिहून ठेवा आणि गोठण झाल्यावर पुन्हा बघा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत सिस्टिमखाली त्या वेळी १२९ क्रमांकाची नोंद, म्हणजे 'रीसेट टू डिव्हाइस', दिसते का तेही बघा.

नवखा

सकाळी ३८८ होता. दुपारी एकदा गोठल्यावर ४१२. १२९ च्या नोंदी गोठण्याच्या वेळांशी तंतोतंत जुळतात. आणि हो, केबल जुन्या डिस्कचीच आहे, तिची पकडही ढिली आहे.

सबुरी

केबल बदलण्याआधी बॅकअप घ्या. लिहिताना मध्येच संपर्क तुटत होता, फाइल अर्धवट राहिल्या असतील. केबल बदलल्यावर चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणीही चालवा. आणि २४ महिन्यांची ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा. केबलने ती पुढे सरकणार नाही.

नवखा

बॅकअप झाला. काल रात्री केबल बदलली, चेकडिस्कमध्ये काही निघालं नाही. आज संध्याकाळी सहापर्यंत सी७ ४१२ वरच आहे, एकदाही गोठलं नाही. तारीख कॅबिनेटच्या आत कागदावर लिहून चिकटवली आहे.