डोंगरातल्या जुन्या गावांतून रोड बाईक: गिअर पुरतील का?

प्रश्न: तीन दिवस, रोज साधारण १५०० मीटर चढ. वाटेत जुनी गावं, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या. पुढच्या दोन दातेरी चकत्या ५० आणि ३४ दाती (५०/३४), मागच्या ११ ते २८ दाती (११-२८), टायर २५ मिमी. गुडघे पंचेचाळिशीचे. जमेल?

उत्तर: मागे ११-३४ लावा, मागची चकती मोठी असली की चढ हलका जातो. पण तुमचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दाती पेलतो का, ते आधी बघा. मी न बघता कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणली, महिनाभर कपाटात पडून होती.

दुसरं उत्तर: चढाचं सोडा, उताराचं बोला! ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी जोरात दाबायचा, मग सोडायचा. टायर २८ चे, हवा जरा कमी. ओल्या फरशीवर मी अख्ख्या गावादेखत आडवा झालोय.

प्रश्नकर्ता: आत्ताच मोजलं, फ्रेममध्ये २८ बसतात!

दुसरं उत्तर: मग विंडचीटरही घ्या. हजार मीटर चढलात की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, आणि अंगावर घाम असतोच.