तांड्यावरची पहिलीची लेकरं वर्गात बोलतच नाहीत, काय करावं?

नवी_बाई_जिंतूर
जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत जूनपासून पहिली-दुसरी माझ्याकडं आहे. मी लातूरची. तांड्यावरच्या बंजारा लेकरांची बोली गोरमाटी, त्यातलं एक अक्षर कळत नाही. पहिलीतली निम्मी लेकरं नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसायलेत. एक पोरगं तर वर्गात चकार शब्द काढत नाही, पण मधल्या सुट्टीत डाव तेच मांडतं, भांडणं तेच मिटवतं आणि गुणही तेच मोजतं. वरून सूचना आली की त्याला अप्रगतच्या यादीत टाका. माझं मन होईना. त्यात घरच्यांनी आताच सांगून ठेवलंय, दसरा झाला की ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाणार. एवढ्यात काय काय करू?

देगलूरकर_सर
शाळेत मराठीच बोलायचं असा नियम करा. आमच्याकडं घरी तेलुगू बोलणारी लेकरं येतात, रेटून बोलायला लावलं की दिवाळीपर्यंत बोलायला लागतात. उगं लाड केले की पाचवीत बोंब होते.

निवृत्त_गुरुजी
देगलूरकर सर, राग मानू नका, पण हे पटलं नाही. मी तांड्यातलाच. गोरमाटी बोलतच पहिलीत बसलो आणि पुढं शिक्षकी करूनच निवृत्त झालो. रेटलेलं लेकरू दिवाळीपर्यंत बोलतं खरं, पण काय? "हो सर", "नाही सर". पाचवीतली बोंब तिथूनच सुरू होते.

बाई, आधी यादीचं बघा. त्या पोराला गोट्या द्या आणि त्याच्या बोलीत मोजायला लावा. दुसरीतली एखादी पोरगी शेजारी बसवा, ती सांगेल बरोबर का चूक. त्यानं बरोबर मोजलं तर त्याला गणित येतं, मराठी यायची राहिलीय. तसंच लिहून वर कळवा. सोबत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ जोडा. शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं त्यात स्पष्ट आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच आहे. कागद दिसला की साहेब लोक सबुरीनं घेतात.

दुसरं, पाणी प्यायचंय, लघवीला जायचंय, पोट दुखतंय, एवढं गोरमाटीत तुम्ही शिकून घ्या. लेकराला मागता येत नाही म्हणून ते चड्डीत करतं, बाकीची हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते शेळ्यांमागं जातं. गळतीचं कारण म्हणून रजिस्टरला मात्र "पालकांची अनास्था" लागतं!

आता तोंडावर श्रावण आहे, म्हणजे तांड्यात तीज. कुवार पोरी दुरडीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, संध्याकाळी फेर धरून गाणी म्हणतात. त्या दिवसांत पोरी गैरहजर म्हणून कपाळाला हात लावू नका. वर्गातही गहू पेरा. रोज पट्टीनं कोंब मोजायचे आणि आकडा फळ्यावर मांडायचा. आज काय दिसलं ते लेकरू त्याच्या बोलीत सांगेल, ते जसंच्या तसं देवनागरीत लिहा, खाली मराठी वाक्य. आपल्या घरातलं बोलणं फळ्यावर उमटलेलं बघून लेकरं कशी उठून पुढं येतात बघा. तुमचं वाचताना चुकेलच, त्यावर ती खदाखदा हसतील आणि दुरुस्त करतील. तेच तर पाहिजे आपल्याला. नातवंडं सांभाळणारी एखादी आजी गाणं म्हणायला बोलवा. पहिल्यांदा लाजून "शाळेत माझं काय काम" म्हणेल, पण येईल.

मराठी शिकवायची नाही असं मी म्हणत नाही, चांगली शिकवा. फक्त आधी तोंड उघडू द्या.

धारूरची_ताई
कारखान्याचं सांगते, आमच्या भागात हे दरवर्षीचंच आहे. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, घरच्यांना थांबवणं तुमच्या हातात नाही. आजी-आजोबा मागं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून लवकर जाऊ द्या. टोळी निघून गेल्यावर मंजुरी आली तर काय उपयोग? लेकरू सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, भरून आईजवळ द्या, बापाजवळ नको, हरवतं. दाखला नाही म्हणून तिकडच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही आईला नीट समजावून सांगा. कोणत्या कारखान्यावर जाणार हे घरच्यांना पुष्कळदा माहीत नसतं, मुकादमाला गाठा.

नवी_बाई_जिंतूर
गुरुजी, ताई, आभार. एक विचारते. तीज पोरींची असते ना? मग पोरांनी गव्हाला हात लावला तर तांड्यात वाईट वाटेल का?

निवृत्त_गुरुजी
खऱ्या दुरडीला लावू नका, तो पोरींचा मान. शाळेत रिकाम्या डब्यात पेरा आणि त्याला तीज म्हणू नका, कोंबांचा प्रयोग म्हणा. तरीही आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी जाऊन चहा घ्या आणि कानावर घाला. पोरांना पाणी घालायला लावा, ते पोरगं मोजायला आपणहून येईल.