मदत हवी आहे: पितळी फ्यूजवरचा नंबर १०६ की १४६?

मंडळी, मी लीड्सला असतो. इथल्या जुन्या बाजारात एक पितळी वस्तू घेतली. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच मॉर्टरच्या बॉम्बचा फ्यूज आहे." फ्यूज म्हणजे बॉम्ब किंवा गोळा फोडणारी कळ, आणि ट्रेंच मॉर्टर म्हणजे खंदकातली उखळी तोफ. मला उखळी तोफांचं वेड, त्यामुळे भाव फारसा न करता घेतला.

आधीच सांगतो, फ्यूज पोकळ आहे. विक्रेत्याकडे स्फोटकमुक्त असल्याचा कागद होता, तरी पोलिसांमार्फत जाणकारांकडून तपासून घेतलाय. तेव्हा "आधी फेकून द्या" असे प्रतिसाद नकोत. पण कुणाला शेतात, माळ्यावर असलं काही सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. शंभर वर्षांनीही फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतून जिवंत गोळे निघतातच.

आता वर्णन. मुठीत मावतो, पण उचलला की जड लागतो. खाली आटे, वर निमुळता. टोकाला मधोमध भोक आहे, त्यातला दांडा गायब. कडेनं ठसे आहेत: सरकारी मालकीचा बाण, मग १, मग पान्यानं खरवडलेला आकडा, मग ६. पुढे मार्कचा (म्हणजे नमुन्याच्या आवृत्तीचा) रोमन तीन, ९/१७ हा महिना-साल आणि दोन अक्षरं. त्यातलं दुसरं 'एल' वाटतंय, पहिलं पार झिजलंय.

१४६ नंबरचा फ्यूज स्टोक्सच्या तीन इंची मॉर्टरसाठी होता, १०६ तोफगोळ्यांसाठी, इथवर मी पोचलो. प्रश्न असे: मधला आकडा ठरवायचा कसा? आणि हा बार्नबोच्या कारखान्यातला असू शकेल का? बार्नबो लीड्सला लागूनच. ५ डिसेंबर १९१६ च्या स्फोटात तिथे ३५ बायका गेल्या, स्फोट झाला त्या खोलीत साडेचार इंची गोळ्यांना फ्यूज बसवत होते. त्यामुळे उत्सुकता जरा जास्तच आहे.

प्रतिसाद १
आकड्याच्या मागे लागण्याआधी वस्तू काम कशी करायची ते पाहा. १०६ मध्ये टोकातून बाहेर आलेला दांडा असे, त्यावर पितळी पट्टी गुंडाळलेली. तोफेच्या नळीत पेच असल्यामुळे गोळा गरगरत जाई, त्या फिरण्यानं पट्टी सुटून दांडा मोकळा होई. गोळा जमिनीत रुतायच्या आतच फुटे, म्हणून काटेरी तारा तोडायला तो फार उपयोगी पडला. १९१७ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

स्टोक्सची गोष्ट उलटी. विल्फ्रेड स्टोक्सनं १९१५ मध्ये केलेल्या त्या मॉर्टरची नळी आतून गुळगुळीत, आणि बॉम्बला शेपटीचे पंखही नव्हते. तो हवेत कोलांट्या खात जाई, जमिनीवर कुठल्या अंगावर पडेल याचा भरवसा नाही. नुसतं टोक आपटल्यावर चालणारा फ्यूज तिथे कुचकामी. म्हणून आधी मिल्स बॉम्बसारखा (तो हातबॉम्ब) खटक्याचा, ठरावीक सेकंदांनी फुटणारा फ्यूज लावला. 'ऑलवेज' म्हणतात तो, कसाही पडला तरी चालणारा, नंतर आला. १४६ त्या जातीचा.

तुमच्या टोकाला मधोमध भोक आहे म्हणता, तर माझा कौल १०६ ला. व्हर्नियर असेल तर आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा. दोन इंचांच्या आसपास आला तर १०६ ला आणखी बळ मिळेल.

प्रतिसाद २
सहमत. बार्नबोबद्दल मात्र आशा ठेवू नका. तो गोळ्यांत दारू भरण्याचा कारखाना, धातूची अंगं दुसरीकडे लेथवर होत. अक्षरं बहुतेक त्या अंग घडवणाऱ्याची असतील. 'आर एल' निघाली तर वुलिचची रॉयल लॅबोरेटरी. आणखी खोलात जायचं असेल तर युद्धखात्याची 'लिस्ट ऑफ चेंजेस' पाहा, कुठल्या नमुन्याला केव्हा मंजुरी मिळाली ते तीत क्रमानं दिलेलं असतं.

आणि कृपा करून पितांबरी लावू नका! उरलेसुरले ठसेही जातील. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरा. चारच्या आकड्याला सरळ रेघा असतात, शून्याला एकही नसते.

धागाकर्ता
टॉर्च आडवा धरून पाहिलं. ओरखड्याच्या डाव्या बाजूला स्पष्ट गोलाई आहे, सरळ रेघ कुठेच नाही. आट्यांचा व्यास दोन इंचांना जवळजवळ टेकतोय. म्हणजे १०६. मॉर्टरचा म्हणून विकणाऱ्यानं जास्तीचे पौंड उकळले, ते गेले. पहिलं अक्षर मात्र 'आर' वाटत नाही, खाली गोल पोट आहे, 'बी' असावं. 'बी एल' शिक्क्याचा कारखाना कुणाला ठाऊक आहे का?