पहिल्याच वर्षी समाजशास्त्र कशाला? तिसऱ्या वर्षी द्या

ग्राफिक्सवाला (धागाकर्ता)
एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात बावीस वर्षं पहिल्या वर्षाला ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग, शिकवतोय. मानव्यविद्यांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भांडण आहे ते वेळापत्रकाशी.

एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात १६० पैकी १२ क्रेडिट मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि व्यवस्थापन मिळून ठेवलेली होती. मग २०२० चं शैक्षणिक धोरण आलं. आयआयटींनीसुद्धा कला आणि मानव्यविद्यांकडे जास्त वळावं, असं त्यात आहे. वळू देत. पण आमच्या कॉलेजात यातला बराचसा भाग पहिल्याच वर्षाच्या ताटात वाढून ठेवलाय. कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या संपेपर्यंत गणपती येऊन गेलेले असतात. शेवटच्या फेरीतला मुलगा वर्गात पाय ठेवतो तोवर पहिली चाचणी तोंडावर. त्याला प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स दिसत नसतं, एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, डोक्यावरून जात असतं, होस्टेलचं जेवण पचत नसतं. अशात समाज आणि तंत्रज्ञानाच्या नात्यावर दोन क्रेडिटचं इलेक्टिव्ह. इलेक्टिव्ह म्हणायचं आपलं, निवडायला एकच असतं. मुलं त्या तासाला मागच्या बाकावर माझ्या ड्रॉइंगच्या शीट पूर्ण करतात. एरवी मला शीट वेळेवर मिळाल्याच नसत्या, हेही खरं.

तिसऱ्या वर्षी द्या. तोवर मुलगा जरा स्थिरावलेला असतो, आपण काय बांधणार आहोत ते त्याला कळू लागलेलं असतं. आता बोला.

साईटवरचा
तिसऱ्या वर्षीही नको. कुठल्याच वर्षी नको.
पुण्याच्या आसपास बांधकामाची कामं घेतो. दरवर्षी दोन-तीन नवे बीई घेतो. मागच्या महिन्यात कॉलमचं शटरिंग उघडलं, तळाशी हातभर हनीकोम्ब, काँक्रीटमध्ये नुसत्या पोकळ्या. पोरगा फोटो काढत उभा! व्हायब्रेटर नीट फिरला नाही, शटरच्या सांध्यातून स्लरी गळली, हे त्याला आमच्या मुकादमानं सांगितलं. बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापायचा-वाकवायचा तक्ता) वाचता येत नाही, ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावता येत नाही. बापानं कर्ज काढून फी भरलीये. ते दोन क्रेडिट वर्कशॉपला द्या.

पाटबंधारे_निवृत्त
साईटवरचे साहेब, हनीकोम्ब दुरुस्त करता येतो. मी काय केलं ते ऐका.
नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कालव्याच्या शाखेवर कनिष्ठ अभियंता होतो. रब्बीचं आवर्तन. मुखाशी विसर्ग मोजला, गळती धरली, चाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. कागदावर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, दोन गावांना चार दिवस पाणी. प्रत्यक्षात चौथ्या दिवशी चारीत चिखलसुद्धा नाही. मी मॅनिंगचं सूत्र (कालव्यातला प्रवाह काढायचं) पुन्हा मांडलं, खडबडीतपणाचा गुणांक बदलून पाहिला. आमचा म्हातारा पाटकरी (पाणी सोडणारा कर्मचारी) शेजारी बिडी ओढत बसलेला. म्हणाला, "साहेब, पाणी उतारानं जातंय व्हय? वजनानं जातंय." रात्री मला वरच्या अंगाला घेऊन गेला. भराव्याला पाचट पसरलेलं. ते पायानं सारलं तर खाली सहा इंची पाईप, थेट उसात. असे अकरा मोजले. कुणाचे, ते त्याला तोंडपाठ.
हे कळून त्यावर काही करता यायला मला तीन हंगाम लागले.

साईटवरचा
म्हणजे काका, तुम्हाला शिकवलं पाटकऱ्यानं. कॉलेजातल्या कुठल्या समाजशास्त्रानं? माझंच म्हणणं झालं की.

पाटबंधारे_निवृत्त
त्या तीन हंगामांत टेलचा गहू तीनदा वाळला. माझं शिक्षण त्यांच्या खर्चानं झालं. गावात जमीन कुणाकडे आहे आणि सोसायटीवर कोण बसलंय हे आधी विचारायचं असतं, एवढं जरी कुणी वर्गात सांगितलं असतं तरी पहिल्याच वर्षी रात्रीचा फिरलो असतो.
आणि ही माझ्या एकट्याची कथा नाही. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं, राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ चा. मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह तर १९२१ चा. धरणाचा छेद आम्ही परीक्षेत काढला, त्याखाली गेलेल्या गावांवर एक मार्काचा प्रश्न नव्हता.

पवईकर
आयआयटी मुंबईत आम्हाला अर्थशास्त्र सक्तीचं होतं. तेव्हा कुरकुरलो, आज टेंडर वाचताना तेच उपयोगी पडतं. एमआयटीत (अमेरिकेतल्या, कोथरूडच्या नव्हे) पदवीला मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रांचे आठ विषय घ्यावे लागतात. तिथले इंजिनिअर काही कच्चे निघत नाहीत.

साईटवरचा
तिथं निवडायला शेकडो कोर्स आणि शिकवायला त्या विषयाचे प्राध्यापक. इथं केमिस्ट्रीचे सर स्लाईड वाचून दाखवतात. तुलना कुणाशी करताय?

तासिका_ताई
केमिस्ट्रीचे सर नसतील तिथं मी असते. समाजशास्त्रात एमए, नेट. तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत. तीन डिव्हिजन एकत्र करून ड्रॉइंग हॉलमध्ये बसवतात, कारण तेवढी दुसरी खोली नाही. मुलं उंच स्टुलांवर, समोर तिरके बोर्ड, मला फक्त कपाळं दिसतात. ग्राफिक्सवाले सर, तुमच्या शीट मी रोज बघते, काहींची लेटरिंग सुरेख असते.
एकदा अभ्यासक्रम बाजूला ठेवला. म्हटलं, तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं, कोण भरतं, एवढंच लिहा. मुंबईच्या मुलानं पहाटे साडेचार आणि आई लिहिलं. कोथरूडच्या एकाला प्रश्नच कळेना, म्हणाला, येतं म्हणजे? असतंच. मग लातूरची एक मुलगी उठली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. टँकरच्या रांगेत घागरींवर रंगानं नावं घालायचे, तिच्या घागरीवर आजीचं नाव होतं, कारण आजीच्या नावाला कुणी हात लावत नसे. त्या तासाला एकही पेन्सिल हलली नाही.
पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ ला सुरू झालं ते सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबा म्हणता, पण तिसऱ्या वर्षी तुमचा मुलगा प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूडमध्ये बुडालेला असतो. पहिल्या वर्षी तो निदान घरून आलेला असतो, घागर आठवत असते.

एफई_बी_डिव्हिजन
मी एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला आहे, सध्या हेच भोगतोय म्हणून लिहितो. आमच्या पेपरात समाजशास्त्राचे जनक कोण, असा प्रश्न होता. ऑगस्ट कॉम्त. क्लिक केलं. पंचवीसपैकी चोवीस. एकाही तासाला नव्हतो, अटेंडन्स मित्रानं सांभाळला. मेकॅनिक्सला केटी लागायची (विषय मागे राहायची) वेळ आलीये आणि या विषयामुळे पॉइंटर (सरासरी गुणांक) वर जातोय, त्यामुळे काढू नका ही विनंती :)

ग्राफिक्सवाला
ताई, लेटरिंगबद्दल आभार. तिसऱ्या वर्षाच्या प्लेसमेंटचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तो मान्य.
पण एफईनं लिहिलं तेही वाचा. चोवीस मार्क आणि शून्य तास. हा विषय असाच राहणार असेल तर साईटवरचे म्हणतात तसं वर्कशॉपला दिलेलं बरं. ठेवायचाच तर मला सुचतं ते असं: पहिल्या सत्रात नको, दुसऱ्या सत्रात. साठच मुलं. बहुपर्यायी परीक्षा बंद. पाणी, रस्ता, कचरा यातलं एक काहीतरी आपल्या गावचं लिहून आणायचं आणि वर्गात उभं राहून सांगायचं. आणि शिकवणाऱ्याला पूर्ण पगार.

साईटवरचा
पूर्ण पगार म्हणालात तिथंच मॅनेजमेंट उठून गेलं.

एफई_बी_डिव्हिजन
सर, मार्क नसतील तर मुलं येणार नाहीत, खोटं कशाला बोलू. ताईंच्या त्या तासाला मात्र आलो असतो. आमच्याकडे कुणी विचारलंच नाही. गावाकडे शेताला पाणी कुठल्या कालव्याचं यावरून माझ्या दोन काकांचं बोलणं बंद आहे.

पाटबंधारे_निवृत्त
टेलला आहात की मुखाला?

एफई_बी_डिव्हिजन
काका, तेच तर विचारून सांगतो. आजवर कधी विचारलं नाही.