मदत हवी आहे : ओटीपी न येता आईच्या कार्डावरून पैसे गेले

नमस्कार मंडळी. आईच्या डेबिट कार्डावरून शनिवारी पहाटे दोन व्यवहार झाले, एकूण १८,४०० रुपये. दोन्ही डॉलरमध्ये, कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर. तिच्या मोबाइलवर ओटीपी आलाच नाही, थेट पैसे वजा झाल्याचे दोन मेसेज आले. कार्ड तिच्या पर्समध्ये, पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरातच होतं.

कार्ड लगेच ब्लॉक केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोमवारी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पण तिथले साहेब म्हणतात, "तुम्हीच कुणाला तरी ओटीपी सांगितला असेल." आई तिथेच रडवेली झाली. पेन्शनचे पैसे आहेत हो ते.

माझ्या माहितीप्रमाणे परदेशी वेबसाइटवर कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरही व्यवहार मंजूर होऊ शकतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायलाही त्यात सांगितलंय.

कुणी या फेऱ्यातून गेलंय का? ओटीपी पाठवल्याची नोंद बँकेकडे लेखी मागताना अर्जात नेमकं काय लिहायचं? आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार आईने कधीच चालू केले नव्हते, मग ते कधी आणि कुणी चालू केले हे बँकेकडून कसं काढून घ्यायचं?