मदत हवी आहे: टेल्मिसार्टन चालू असताना कमी सोडियमचं मीठ चालेल का?

आई ६८ वर्षांची, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू. मधुमेह नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल. पापड-लोणचं बंद केलंय, पण आमटी अळणी लागली की ताट तसंच सरकवते. (कृपया सैंधव सुचवू नका, त्यातही मुख्यतः सोडियमच असतं.)

चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या अभ्यासात (२०२१) पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेल्या अशाच कमी सोडियमच्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्के कमी झालं. फार आशा वाटली. पण टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तीच धास्ती आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ बदलणार नाही. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.

हेच औषध घेणाऱ्या कुणाला डॉक्टरांनी असं मीठ चालेल म्हटलंय का? असल्यास पोटॅशियमची तपासणी किती दिवसांनी करायला सांगितली?