आयला बेटावर तीन दिवस: बोट, गाडी आणि डिस्टिलऱ्या

नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या आयला बेटावर जायचं ठरतंय. आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. ग्लासगोहून भाड्याची गाडी घेऊ. तीन दिवसांत तिथल्या सगळ्या डिस्टिलऱ्या, म्हणजे व्हिस्कीचे कारखाने, बघून होतील का? बाबांना धुराच्या वासाची व्हिस्की चालत नाही. जाणकारांनी सांगावं.
– लीड्सहून

*

नमस्कार,
सगळ्या होणार नाहीत, आणि तसा हट्टही नको. दिवसाला दोनच धरा. एक टूर म्हणजे तास-दीड तास, पुढे चव घेणं वेगळं.

आधी बोट. हॉटेलच्याही आधी गाडीसकट कॅलमॅकचं (बोटी चालवणारी कंपनी) तिकीट काढा. पायी जाणाऱ्याला जागा मिळते, गाडीला उन्हाळ्यात मिळेलच असं नाही. बोट केनाक्रेगहून सुटते. ग्लासगोहून तिथवर साधारण अडीच-तीन तास लागतात, पण चार तास हातात ठेवा. वाटेत ए-८३वर रेस्ट अँड बी थँकफुलचा घाट आहे. जोराचा पाऊस झाला की तिथे दरड येते, मग खालच्या जुन्या लष्करी रस्त्याने एकेरी वाहतूक सोडतात. गाडीसाठी किमान अर्धा तास आधी बंदरावर हजर व्हावं लागतं.

लोक चुकतात ते बंदरात. आयलाला दोन बंदरं आहेत, दक्षिणेला पोर्ट एलन आणि पूर्वेला पोर्ट आस्केग. दोन्हींत जवळजवळ वीस मैल अंतर आहे. उतरलात एकीकडे आणि परतीची बोट दुसरीकडून, असं सर्रास होतं. वारा किंवा बिघाड असेल तर ऐनवेळी बंदर बदलतंही. निघायच्या सकाळी पुन्हा तपासा. परतीच्या दिवशी टूर ठेवूच नका.

ऑगस्टबद्दल आणखी एक. उन्हाळ्यात डिस्टिलऱ्या काही आठवडे देखभालीसाठी बंद असतात. टूर चालू राहते, पण व्हिस्की गाळायची भांडी थंड आणि वास नाही. बुकिंग करताना थेट विचारा: ‘त्या आठवड्यात डिस्टिलेशन चालू आहे का?’
– ग्लासगोहून

*

वरच्या पत्राला जोडून, गाडी चालवणाऱ्याबद्दल.

दारू पिऊन गाडी चालवण्याची स्कॉटलंडमधली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. डिसेंबर २०१४ पासून १०० मिली श्वासामागे २२ मायक्रोग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडात हाच आकडा ३५ आहे. कास्क-स्ट्रेंग्थ (पिंपातली, पाणी न घातलेली) व्हिस्की ५८ टक्क्यांची असेल, तर १५ मिलीचे पाच घोट म्हणजे चार युनिटच्या वर (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). शरीर तासाला साधारण एक युनिट बाहेर टाकतं. म्हणून चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. सुरुवातीलाच सांगितलं की बहुतेक ठिकाणी त्याचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात, संध्याकाळी खोलीवर निवांत घेता येतो.

गाडी नकोच असेल असा दिवस दक्षिणेला ठेवा. पोर्ट एलनहून लाफ्रॉइग, लगावूलिन, आर्डबेग या डिस्टिलऱ्यांना याच क्रमाने जाणारी रस्त्यालगत पायवाट आहे, एका बाजूने साधारण पाच किलोमीटर. आई-बाबांना परत यायला टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा, बेटावर टॅक्स्या मोजक्याच. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका.

मुलीला चव घेता येणार नाही, टूरला घेतील. काही ठिकाणी आठ वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, तिचा प्रश्न नाही. तरी वय बुकिंगमध्ये लिहा.
– एडिंबराहून

*

काय बघायचं, त्याबद्दल थोडं सविस्तर.

किलहोमन ही डिस्टिलरी घ्याच, कारण तिथे जमिनीवर पसरून बार्लीला मोड आणतात. लाफ्रॉइग आणि बोमोरमध्येही ही पद्धत होती, सध्या चालू आहे का ते बुकिंग करताना विचारा. बाकीच्या बऱ्याच जणांचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, तयार येतं. आईंना ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल: नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवून, मोड आणून वाळवतो, तेच इथे टनावारी चालतं. मोड येताना दाणे गरम होतात, न हलवले तर मुळं एकमेकांत अडकून गठ्ठा होतो. म्हणून दिवसरात्र उलथणं. परवानगी मिळाली तर एक दाणा चिमटीत चुरडा आणि भिंतीवर ओढा. खडूसारखी पांढरी रेघ उमटली की आतला भाग मोकळा झाला, भट्टीत टाकायची वेळ झाली.

भट्टीत पीट जळतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेला पालापाचोळा. तो विटांसारखा कापून, गोवऱ्यांसारखा वाऱ्यावर वाळवतात. बोमोर ते पोर्ट एलन हा सरळ रस्ता त्याच दलदलीवरून जातो, म्हणून गाडी लाटांवरून गेल्यासारखी उसळते. तिथे सावकाश.

धुराचा आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) सांगतात, पण तो माल्टमधल्या फिनॉलचा, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. बाटलीत पोचेपर्यंत तो बराच उतरतो, आणि किती उतरतो ते कापावर ठरतं. व्हिस्की दोन भांड्यांत दोनदा गाळतात; दुसऱ्या भांड्यातून येणाऱ्या धारेचा पहिला भाग बाजूला काढायचा, मधला ठेवायचा, शेवटचा पुन्हा उकळायला पाठवायचा. धूर आणि टिंक्चर आयोडिनसारखा वास उशिरा उतरतो, म्हणून काप लांबवला की व्हिस्की जड होते. गोव्याची उर्राक आणि फेणी ज्यांना माहीत आहे, त्यांना पहिल्या-दुसऱ्या भांड्यातला फरक वेगळा समजावावा लागत नाही.

आंबवण्याच्या पिंपावर झाकण उघडून देतात तेव्हा डोकं आत घालू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, नाकात सुई टोचल्यासारखं होतं. हाताने हवा आपल्याकडे ओढून वास घ्या.

तुमच्या बाबांसाठी ब्रुकलॅडी आणि बुनाहाव्हन या डिस्टिलऱ्या. दोन्हींची नेहमीची व्हिस्की बिनधुराची. मात्र ब्रुकलॅडीचीच पोर्ट शार्लट आणि ऑक्टोमोर या धुराच्या, तेवढी नावं लक्षात ठेवा. बुनाहाव्हनचा रस्ता एकपदरी आहे. पासिंग प्लेस (समोरच्या गाडीला वाट द्यायला रुंद केलेली जागा) डाव्या हाताला असेल तर आत घ्या, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा.
– ॲबरडीनहून

*

आई-बाबा बाटल्या पुण्याला नेणार असतील तर एक हिशेब. भारतात माणशी दोन लीटरच मोफत. इकडची बाटली ७०० मिलीची, म्हणजे तीन झाल्या की १०० मिली जास्त, आणि जास्तीवर जबर शुल्क. ७००च्या दोन आणि ५००ची एक घ्या, १.९ लीटर होतात. दोघांची सवलत एकाच बॅगेत दाखवून चालत नाही, पावत्याही वेगळ्या ठेवा. ७० टक्क्यांवरची दारू विमानात मुळीच नेता येत नाही. कास्क-स्ट्रेंग्थ सहसा त्याखालीच असते. बाटली जाड मोज्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. कडेला ठेवली तर फुटते ती मानेपाशी.
– ग्लासगोहून